सातबाऱ्यावरचा हत्ती

तुमच्यापैकी ज्यांचं गाव रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात आहे, त्यांनी घरचा सातबारा शेवटचा कधी पाहिला? त्यात 'पोटखराबा' अशी नोंद असलेला तुकडा पुष्कळदा सड्यावरचा असतो. सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्याचं उघडं पठार. तिथे काही पिकत नाही, त्यामुळे वाटणीत त्यावरून भांडणही होत नाही. कोकणात हे विशेषच!

पण याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. राजापूर तालुक्यात कशेळीला जमिनीवर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे, आणि त्याच्या अंगात जमिनीवरचे नि पाण्यातले आणखी कितीतरी प्राणी कोरलेत. काही सड्यांवर चक्क गेंडा आहे. आज कोकणात गेंडा कुठला? या शिल्पांचं नेमकं वय सांगणं अवघड, कारण कोरलेल्या रेषेत कार्बन डेटिंगला लागणारं सेंद्रिय द्रव्य नसतं. पण प्राणी भरपूर आणि शेतीचा मागमूस नाही, म्हणून ही शेतीच्या आधीच्या शिकारी माणसांची असावीत, असं अभ्यासक मानतात. आमच्या आयटीत डॉक्युमेंटेशन नसलेली जुनी सिस्टीम हाती आली, की पहिला नियम असतो: समजेपर्यंत काही डिलीट करायचं नाही.

इथे डिलीट करते ती चिरेखाण. खाणीत आधी वरचा थर निघतो, आणि शिल्प असतं ते नेमकं त्याच थरावर, जेमतेम काही इंच खोल. २०२२मध्ये कशेळी, बारसू, उक्षी, कुडोपी, गोव्यातलं फणसाईमळ अशी नऊ ठिकाणं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. बाकीची बरीचशी खाजगी जमिनीत आहेत. म्हणजे तुमच्या-माझ्या काका-आत्यांच्या सामायिक नावावर.

तेव्हा सडा विकायला किंवा खाणीला द्यायला कुलमुखत्यारपत्र पाठवण्याआधी गावी एक फोन करा. 'सड्यावर पांडवांनी काही कोरलंय का?' असं गुरं राखणाऱ्यांना विचारायला सांगा. त्यांना ठाऊक असतं. काही निघालं तर राज्य पुरातत्त्व विभागाला कळवा. आणि सुट्टीत मुलांना घेऊन गेलात, तर ऊन कलतं तेव्हा जा, तिरप्या उजेडात रेषा उठून दिसतात. फोटोसाठी खडूने गिरवू मात्र नका, आणि चपला बाहेर काढा.