ओढायला सोपं, आवरायला अवघड

दिवाळी उलटली की सोलापूर जिल्ह्यातल्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॅक्टरांचं राज्य सुरू होतं. माढा, मोहोळ, पंढरपूर, माळशिरस. उजनी आणि नीरेच्या कालव्यांचं पाणी पोचलं तिथं ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले. फडातून गव्हाणीपर्यंतचं नेहमीचं वाहन म्हणजे पन्नासेक अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि मागे एकीला एक जोडलेल्या दोन ट्रॉल्या.

ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन दोन टनांच्या आसपास. मागे ऊस मात्र वीस टनांच्या घरात. सपाटीवर, खालच्या गिअरमध्ये इंजिन हा बोजा ओढून नेतं आणि फसगत इथंच होते. ‘ओढतोय की!’ म्हणत जोडी जमली असं धरलं जातं. वाहतुकीचे पैसे टनावर, त्यामुळे आणखी चार मोळ्यांचा मोह सुटत नाही.

खरी परीक्षा उतारावर. बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. थांबवायचं सगळं काम ट्रॅक्टरच्या मागच्या दोन चाकांवर. ओढ्याकडे किंवा उड्डाणपुलावरून खाली उतरताना मागचा भार पुढच्याला ढकलू लागतो. त्यात वळण असेल तर ट्रॅक्टर आडवा होतो. जाणता चालक उतार लागण्याआधीच गिअर खाली घेतो. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारा इंजिनाचा अटकाव स्वतःच सोडून देतो.

ट्रॅक्टरला उजव्या पायाशी ब्रेकची दोन पेडलं असतात. शेतात जागच्या जागी वळायला ती सुटी हवीत. रस्त्यावर मात्र मधली पट्टी लावून एकत्र जोडायची. पट्टी राहिली आणि पाय एकाच पेडलवर पडला तर एकच चाक धरतं नि ट्रॅक्टर त्या बाजूला ओढला जातो.

हुकाचंही तसंच. ओढ मागच्या आसापेक्षा उंचावरून लागली तर चढावर पुढची चाकं हलकी होतात, कधी उचललीही जातात. मग स्टिअरिंग फिरवून उपयोग नसतो. म्हणून जोड खालीच हवा. दोनचाकी ट्रॉलीचा काही भार थेट हुकावर येतो. ऊस मागेच जास्त रचला तर ती हूक वर उचलते. पिन झिजलेली नको, तिला खालून खिट्टी हवी आणि पिन तुटलीच तर ट्रॉली सुटू नये म्हणून जाड साखळी. रात्री मागच्या ट्रॉलीला रिफ्लेक्टर हवाच.

कारखान्याच्या काट्यावर आधी भरलेल्या गाडीचं वजन होतं, ऊस उतरल्यावर रिकाम्या गाडीचं. पावती फाडतात ती पैशांच्या हिशेबासाठी, पण तिचा दुसराही उपयोग आहे. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी असते आणि कागदावर तिचं भरलेलं वजन लिहिलेलं असतं. पावतीतल्या भरलेल्या वजनातून ट्रॅक्टरचं वजन वजा करून मालकानं तो आकडा दोन्ही ट्रॉल्यांच्या कागदावरच्या वजनांच्या बेरजेशेजारी ठेवावा. पावतीतला आकडा मोठा निघाला, तर पुढच्या खेपेला फडातच मोळ्या कमी भराव्यात.