मिलर्डसाहेबांचे खण

पक्षितज्ज्ञ सालिम अलींची चिमणी आता नव्याने सांगायला नको. लहानपणी एअरगनने पाडलेला पक्षी, गळ्यावरचा पिवळा डाग, हा खायला चालतो की नाही ही शंका, मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी दाखवलेली नॅचरल हिस्टरी सोसायटीची वाट. पाठ्यपुस्तकांपासून जयंतीच्या लेखांपर्यंत ती चिमणी इतक्यांदा उडवली गेली आहे की बिचारी थकली असेल. माझी तक्रार वेगळीच आहे. सगळे चिमणीच्या मागे जातात आणि गोष्ट नेमकी जिथे रंगते तिथेच तिला सोडून देतात. पक्षी कुठला हे कळायला दोन मिनिटं पुरली असती. ‘पीतकंठी चिमणी’ असं सांगून पोराला वाटेला लावता आलं असतं. पण १९०८ साली सोसायटीचे सचिव वॉल्टर सॅम्युअल मिलर्ड उठले आणि खेतवाडीच्या त्या अनाथ मुलाला त्यांनी सगळा संग्रह फिरवून दाखवला. तोही एकट्याला. आपल्याकडच्या निसर्गशास्त्राच्या इतिहासात संग्रहालयाची इतकी फळाला आलेली फेरी दुसरी नसावी, असं मी तरी मानतो.

हे मिलर्ड मुळात दारूवाले. फिप्सन आणि कंपनीचा विलायती मद्याचा धंदा होता आणि त्यात हाताखाली काम करायला ते १८८४ साली, विशीत, मुंबईला आले. सोसायटी त्याच्या आदल्याच वर्षी सुरू झाली होती. १५ सप्टेंबर १८८३ रोजी जमलेल्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. एक प्रार्थना समाजाचे, दुसरे रखमाबाईंचे सावत्र वडील आणि वनस्पतींचे जाणकार. सोसायटीला ‘साहेबांचा क्लब’ म्हणून निकालात काढणारे ही दोन नावं सोयीस्कर विसरतात. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या म्युझियममध्ये व्हायच्या. तिथली जागा अपुरी पडल्यावर मिलर्डांचे मालक फिप्सन यांनी आपल्या कचेरीतली खोली देऊ केली आणि १८८६ पासून फोर्टातल्या सहा, अपोलो स्ट्रीट या पत्त्यावर दारूचा व्यापार आणि प्राणिशास्त्र शेजारी शेजारी नांदू लागले. फिप्सन वीस वर्षं सचिव होते. १९०६ मध्ये ती खुर्ची मिलर्डना मिळाली.

त्या खुर्चीच्या मागेच एक पिंजरा होता आणि पिंजऱ्यात विल्यम. विल्यम म्हणजे महाधनेश, १८९४ साली कारवारहून भेट आलेला. एवढ्या धिप्पाड, टोपडं घातल्यासारख्या चोचीच्या पक्ष्याला कचेरीत ‘ऑफिसातली कॅनरी’ म्हणत. सव्वीस वर्षं तो तिथे राहिला. म्हणजे चिमणी घेऊन आलेल्या मुलाच्या स्वागतालाही तो हजर असणार. त्याचं शेवटचं वर्तमान मिलर्डांच्या मृत्युलेखात सापडतं. लिहिणारे नॉर्मन किनिअर सोसायटीचे पहिले पगारी क्युरेटर, पुढे लंडनच्या निसर्गेतिहास संग्रहालयाचे संचालक. मिलर्ड १९२० साली मुंबई सोडून गेले आणि विल्यमही त्याच वर्षी मेला. तारेचा तुकडा गिळल्याने मेला असा बोलबाला होता. किनिअरना तो मान्य नाही. त्यांचा युक्तिवाद असा, की याच विल्यमने पूर्वी पेटता चिरूट गिळून पचवला होता, तेव्हा तार कसली बाधते? जुना मित्र गेला, हेच खरं कारण. आयुष्यभर कातडी मोजणाऱ्या माणसाने हे छापून ठेवलं आहे. चिरूट पचला म्हणून तार पचेल, हे तर्कशास्त्र मला झेपत नाही. पण लेख मी पुन्हा पुन्हा वाचतो तो याच परिच्छेदासाठी. १९३३ मध्ये, सुवर्णमहोत्सवी वर्षात, हाच महाधनेश सोसायटीच्या बोधचिन्हावर जाऊन बसला.

तर त्या फेरीत मुलाला काय दिसलं? बरेच जण ‘पेंढा भरलेले पक्षी’ म्हणून पुढे सरकतात. काचेच्या डोळ्यांचा, पायांतून तार घालून फांदीवर बसवलेला पक्षी प्रदर्शनासाठी असतो. अभ्यासाचा पक्षी कपाटाच्या खणात उताणा पडलेला असतो. पोटाला उभा छेद देऊन कातडी मोज्यासारखी उलटी काढायची, आतून सोमलाचा साबण चोळायचा म्हणजे कीड लागत नाही, मग कापूस भरून शिवायची. डोळ्यांच्या जागी पांढरा कापूस दिसतो. पंख अंगाशी मिटलेले, पाय एकावर एक बांधलेले आणि पायाला चिठ्ठी. त्या चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, नर की मादी आणि कोणी मिळवला, एवढंच. ती हरवली तर उरतो तो पिसांचा पुडका. उजेडाने रंग उडतात, म्हणून हे सगळं अंधारात. एकाच जातीचे दहा-वीस पक्षी ओळीने ठेवलेले असतात, कारण कोवळा नर, म्हातारा नर आणि मादी यांत फरक असतो, उन्हाळ्यातला आणि हिवाळ्यातला पिसारा वेगळा दिसतो. हा फरक एका नमुन्यावरून कळत नाही. खण ओढणारं कोणीतरी लागतं आणि बाहेरच्या माणसाला खणाला हात लावता येत नाही. हे असे संग्रह मला काचेच्या दालनांपेक्षा नेहमीच जास्त ओढतात. नॅफ्थॅलिनच्या वासासकट.

मिलर्डनी खण ओढले. जाताना पुस्तकं दिली, त्यांत ‘ईहा’चं मुंबईच्या पक्ष्यांवरचं. ईहा म्हणजे सोसायटीचे पहिले सचिव एटकिन, जकात-मिठाच्या खात्यातले अधिकारी आणि अतिशय मिश्कील लेखक. पक्षी सोलून टिकवायला शिकवू, असंही मिलर्डनी सांगितलं आणि पुढे मुलाची गाठ किनिअरशी घालून दिली.

मधली वर्षं, ब्रह्मदेश, फसलेला धंदा, झेवियर्समधलं प्राणिशास्त्र, हे सर्वांना ठाऊक आहे. १९२६ मध्ये सालिम अली पुन्हा संग्रहालयात आले. या वेळी फेरी त्यांनी घडवायची होती. जानेवारी १९२२ मध्ये काळ्या घोड्याजवळचं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम लोकांना खुलं झालं होतं आणि सोसायटीच्या संग्रहातला मोठा वाटा तिथल्या निसर्गदालनाला गेला होता. दालनाला रूप दिलं क्युरेटर स्टॅन्ली प्रेटर यांनी. प्राणी त्याच्या रानातच उभा आहे असं भासवणारी दृश्यं त्यांनी मांडली. हे तंत्र बघायला ते परदेशातली संग्रहालयं फिरून आले होते. आजही तिथल्या रोहितांसमोर मुलं अडून बसतात, ही प्रेटरांची पुण्याई. (पुढे हेच प्रेटर अँग्लो-इंडियनांचे प्रतिनिधी म्हणून घटना समितीत होते.)

सालिम अलींचं पद ‘गाइड लेक्चरर’चं, पगार महिना ३५० रुपये. काम म्हणजे आलेल्या शाळकरी मुलांना आणि पाहुण्यांना दालन समजावून सांगणं. जे मिलर्डनी फुकट आणि एकदाच केलं, ते आता रोज आणि पगारावर. दोन वर्षांत त्यांचा जीव त्यात रमेना. रजा काढून ते बर्लिनला गेले आणि तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्रीय संग्रहालयात एर्विन स्ट्रेझमान यांच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन बघतात तर जागाच रद्द झालेली. पैसा नाही, हे कारण. काचेची कपाटं ठेवली, ती समजावून सांगणारा माणूस तेवढा काढला. आपल्याकडे काटकसर नेहमी याच टोकाकडून का सुरू होते, हे मला कधी उमगलेलं नाही.

बेकार सालिम अली पत्नी तहमिनांसह अलिबागजवळच्या किहीमला जाऊन राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते. ती अंड्यांवर बसली की पठ्ठ्या दुसरं घरटं विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीच्या संसाराचा हा हिशेब त्यांनी तिथे बसून मांडला आणि तो निबंध सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आला. त्यांचं नाव झालं ते या कामापासून.