नॅनोकण आणि औषधाला दाद न देणारा कर्करोग : गैरसमज आणि वस्तुस्थिती

केमोथेरपी आधी लागू पडते आणि काही महिन्यांनी तेच औषध निकामी ठरते, तेव्हा ‘शरीराला औषधाची सवय झाली’ असे सर्रास म्हटले जाते. सवय शरीराला होत नाही. बदलतात त्या कर्कपेशी. उपचारातून वाचलेल्या पेशी वाढतात, आणि बचावाच्या अनेक युक्त्या त्यांच्यापाशी असतात. त्यांतली एक म्हणजे पेशीच्या आवरणातले पी-ग्लायकोप्रोटीन. ज्युलियानो आणि लिंग यांनी १९७६ साली त्याचे वर्णन केले. डॉक्सोरुबिसिन किंवा पॅक्लिटॅक्सेलसारखे केमोथेरपीचे औषध आत शिरू लागले की हे प्रथिन ते आवरणातच पकडते आणि ऊर्जा खर्चून पंपासारखे बाहेर टाकते. परस्परांशी साम्य नसलेली औषधेही ते उपसते. म्हणूनच कधीच न दिलेल्या औषधालाही अशी पेशी दाद देत नाही.

नॅनोकणांचा उपयोग इथे होतो. औषध भरलेला सुमारे १०० नॅनोमीटरचा कण पेशी आवरणाच्या पिशवीत गुंडाळून आत घेते. औषध पंपाला चुकवून खोलवर मोकळे होते. पण एवढ्यावरून प्रतिरोध संपला असे मानणे घाईचे आहे. मोकळे झालेले औषधही पुन्हा उपसले जाऊ शकते. डीएनएची दुरुस्ती वाढली असेल किंवा औषधाचे लक्ष्यच उत्परिवर्तनाने बदलले असेल, तर औषध नुसते आत पोचून भागत नाही.

कण थेट गाठीतच जातात, हा समज सर्वांत पक्का आणि सर्वांत चुकीचा. गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असल्याने कण तिथे साचतात, हे मात्सुमुरा आणि माएदा यांनी १९८६ मध्ये दाखवले. मात्र प्राण्यांवरील प्रयोगांच्या २०१६ च्या आढाव्यात गाठीपर्यंत पोचलेल्या मात्रेचे मध्यक प्रमाण जेमतेम ०.७ टक्के निघाले. बरेचसे कण यकृत आणि प्लीहा अडवतात.

दुष्परिणामही नाहीसे होत नाहीत, बदलतात. अमेरिकेत १९९५ मध्ये मंजूर झालेल्या डॉक्सिलमध्ये डॉक्सोरुबिसिन लायपोसोममध्ये, म्हणजे मेदाच्या पिशवीसारख्या नॅनोकणात, बंद असते. त्यामुळे हृदयाला इजा कमी होते, पण तळहात-तळपाय लाल होऊन दुखतात, सोलवटतात.

नव्या रेणूखेरीज प्रगती नाही, असेही मानले जाते. २०१७ मध्ये मंजूर झालेल्या व्हिक्सिऑसमध्ये सायटाराबीन आणि डॉनोरुबिसिन ही जुनीच औषधे एका लायपोसोममध्ये ५:१ या प्रमाणात भरलेली आहेत. ते प्रमाण शरीरातही बराच काळ टिकते. केमोथेरपीला सहसा न जुमानणाऱ्या दुय्यम तीव्र मायलॉइड ल्युकेमियाच्या ६० ते ७५ वर्षांच्या रुग्णांत, हीच औषधे सुटी दिल्यावर मध्यक आयुर्मान सुमारे ६ महिने होते. लायपोसोममधून दिल्यावर ते साडेनऊ महिन्यांवर गेले.