न आलेल्या दिवसांचा हिशोब

पहाटे शिरूरहून न्हावऱ्यामार्गे चौफुल्याकडे निघालं की वाटेत भीमा ओलांडली जाते आणि दौंड तालुका सुरू होतो. रस्त्यावर दुधाचे टेम्पो असतात, भाजीचे पिकअप असतात, हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर असतात. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत माणसं पोचवणाऱ्या गाड्याही असतात. यातले कितीतरी ड्रायव्हर आपल्या गाडीचे स्वतःच मालक असतात. त्यांना पगाराची स्लिप नाही, भरपगारी रजा नाही. ज्या दिवशी गाडी निघाली नाही, त्या दिवशी भाडं नाही.

अशा माणसाचा पाय अपघातात गेला तर नुकसान किती? दवाखान्याचं बिल समोर दिसतं. पण जी भाडी आता कधीच मारता येणार नाहीत, त्यांचं बिल कोण काढणार? आपला कायदा ते काढतो. ज्या रीतीने काढतो ती पाहिली, की थक्क व्हायला होतं.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने ‘न्याय्य’ भरपाई ठरवायची असते. समजा, आपला ड्रायव्हर ३४ वर्षांचा आहे. डिझेल, टायर, दुरुस्ती वजा जाता महिन्याला २०,००० रुपये त्याच्या हातात उरतात, म्हणजे वर्षाला २,४०,०००. समोरच्या ट्रकच्या चुकीने त्याचा पाय कापावा लागला.

पहिला प्रश्न असा, की हा माणूस आयुष्यभर २०,००० वरच थांबला असता का? पक्क्या नोकरदाराचा पगार वाढत जातो, हे न्यायालयं आधीपासून मान्य करत होती. स्वतःचा धंदा करणाऱ्याच्या वाट्याला मात्र २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार सहसा अपघाताच्या दिवशीचीच कमाई येई. ३१ ऑक्टोबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने प्रणय सेठी प्रकरणात हे बदललं. महागाई वाढते तसं भाडंही वाढतं, हे त्यांनी ओळखलं. म्हणून स्वयंरोजगार करणारा चाळिशीच्या आत असेल तर कमाईत ४० टक्के वाढ धरायची, ४० ते ५० वयाला २५ टक्के आणि ५० ते ६० ला १० टक्के. तो निकाल मृत्यूच्या प्रकरणातला होता. कायमचं अपंगत्व आलेल्या जिवंत माणसालाही ही वाढ मिळते, हे २०२० मध्ये स्पष्ट झालं. आपल्या ड्रायव्हरचा वर्षाचा आकडा आता ३,३६,००० होतो.

दुसरा प्रश्न, किती वर्षांची कमाई? साठीपर्यंत धरलं तर २६ वर्षं. पण न्यायालय ३१ ते ३५ वयाला १६ नेच गुणतं. हा ‘गुणक’ कमी ठेवण्यामागे कारण आहे. सगळी रक्कम एकदम हातात येते आणि ती ठेवली तर व्याज देते. व्याज आणि मुद्दल मिळून वापरत गेलं, की ती पुढची वर्षं भागवते. शिवाय माणसाच्या आयुष्याची अनिश्चितताही त्यात धरलेली असते. या पद्धतीचं मूळ वेल्समधल्या एका कोळसा खाण कंपनीविरुद्धच्या १९४२ च्या खटल्यात आहे. खाणकामगारांसाठी मांडलेलं गणित आज सोलापूर हायवेवरच्या पिकअपला लागू पडतं! आपल्याकडे त्याच सरला वर्मा निकालाने वयानुसार गुणकांचा तक्ताच करून दिला. तो पंचविशीपर्यंत १८ ने सुरू होतो आणि पासष्टीनंतर ५ वर येतो.

तिसरा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. पाय गेला, म्हणजे किती गेलं? डॉक्टर दाखल्यावर अपंगत्वाची टक्केवारी लिहितात. ती शरीराची असते. २०१० च्या राजकुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की माणसाची कमाईची ताकद किती गेली ते पाहा. उदाहरण म्हणून न्यायालयाने डावा हात गमावलेली दोन माणसं समोर ठेवली. सरकारी कारकुनाची नोकरी कदाचित टिकेल. ड्रायव्हरची कमाई मात्र जवळजवळ शंभर टक्के जाऊ शकते. जखम एकच, पण कायदा त्या हाताने रोज काय केलं जात होतं ते विचारतो.

आपला ड्रायव्हर पुन्हा गाडी चालवू शकत नसेल आणि दुसरं काही कामही जमण्यासारखं नसेल, तर ३,३६,००० गुणिले १६, म्हणजे ५३,७६,००० रुपये. कमाईची निम्मी ताकद गेली असं ठरलं तर २६,८८,०००. उपचाराच्या काळात बुडालेले महिने, दवाखान्याचा खर्च आणि सोसलेल्या वेदना यांचा हिशोब वेगळा. ही रक्कम चूक करणाऱ्या गाडीच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून यायची असते.

चूक स्वतःचीच असेल तर चित्र पार बदलतं. तिथे मालक-चालकाचा १५ लाखांचा वैयक्तिक अपघात विमा असतो. तो कमाई विचारत नाही, शरीराचे अवयव मोजतो. एक पाय गेला तर निम्मी रक्कम. घरी बसून गेलेल्या महिन्यांचे पैसे त्यात नाहीत.

या सगळ्या गणिताचा पाया आहे तो पहिला आकडा, महिन्याची कमाई. तो सिद्ध झाला नाही तर किमान वेतनाचा आधार घेतला जातो. २०२१ मध्ये अवजड गाडीच्या एका ड्रायव्हरच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पगाराचा कागद नसला तरी किमान वेतन हेच अंतिम माप नव्हे. तरीही अंदाजापेक्षा कागद बळकट. बँकेचं पासबुक, आयकर विवरणपत्र, फोनवर आलेली भाड्याची रक्कम, डिझेलच्या पावत्या, गाडीच्या कर्जाचे वेळेवर भरलेले हप्ते, हे सगळं त्या माणसाच्या बाजूने बोलतं. आणि वेळही सांभाळायला हवा. १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या तरतुदीत दाव्याला सहा महिन्यांची मुदत आहे. दावा आपण राहतो त्या भागातल्या न्यायाधिकरणातही करता येतो.

म्हणून प्रत्येक ड्रायव्हरने डॅशबोर्डवर एक वही ठेवावी, असं मला मनापासून वाटतं. तारीख, कुठून कुठे, भाडं किती, डिझेल किती. रात्री दोन ओळी लिहायला दोन मिनिटं लागतात. तो त्या दिवसाचा हिशोब लिहीत असतो, आणि नकळत पुढच्या सोळा वर्षांचाही.