वस्तुसंग्रहालयांत काय पाहावें?

पुष्कळ विद्यार्थी वस्तुसंग्रहालयांत जातात, दालनामागून दालन ओलांडतात, तरवारींपुढें अंमळ रेंगाळतात आणि अर्ध्या तासांत बाहेर येऊन 'सर्व पाहिलें' असें सांगतात. खापरें, मणी आणि झिजलेलीं नाणीं यांकडे कोणाचें फारसें लक्ष जात नाहीं. तीं मुकीं आहेत अशी आपली समजूत असते. वास्तविक तीं बोलतात. मात्र त्यांस योग्य प्रश्न विचारावा लागतो. तो प्रश्न कोणता, हें येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

उस्मानपुऱ्याहून क्रांति चौकाच्या वाटेनें निघावें. मलिक अंबरानें १६१२ सालीं उभारलेला भडकल दरवाजा आणि त्यापुढील पाणचक्की मागें टाकली म्हणजे आपण विद्यापीठाच्या रस्त्यास लागतों. तेथें डोंगराच्या पायथ्याशीं सोनेरी महाल आहे. ओर्च्छ्याच्या बुंदेला घराण्यांतील पहाडसिंग यानें सतराव्या शतकांत तो बांधविला. आंतील भिंतींवर सोनेरी रंगाचीं चित्रें होतीं, म्हणून त्यास हें नांव पडलें. या महालांत राज्याच्या पुरातत्त्व विभागानें संग्रहालय मांडिलें असून विद्यापीठाच्या इतिहास विभागाचाही निराळा संग्रह आहे.

अशा ठिकाणीं प्रत्येक वस्तूपुढें उभे राहून विचारावें: ही कोठें सांपडली? किती खोलीवर? आणि हिच्या शेजारीं काय होतें? जुनें गांव एका जागीं शतकानुशतकें नांदतें, तेव्हां पडक्या घरांवर नवीं घरें उठतात आणि मातीचे थर एकावर एक चढत जातात. थर हाललेले नसतील, तर खालचा थर जुना व वरचा नवा. एखाद्या राजाचें नाणें ज्या थरांत मिळालें, त्याच थरांतील मडक्याचा काळ त्यावरून अजमावतां येतो. परंतु तेंच मडकें कोणी उपटून घरीं नेलें, तर उरतें केवळ मडकें.

याचें एक सुंदर उदाहरण आपल्या मराठवाड्यांतच आहे. इटलींतील पाँपेई नगर इ. स. ७९ मध्यें व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखालीं गाडलें गेलें. तेथें १९३८ सालीं खोदतांना भारतीय घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ति सांपडली. ती आतां नेपल्सच्या संग्रहालयांत आहे. राखेखालीं मिळाल्यामुळें ती इ. स. ७९ पूर्वींची आहे हें निश्चित झालें. पुढें १९७३ मध्यें नागपूर व मराठवाडा या दोन विद्यापीठांनीं मिळून भोकरदन येथें उत्खनन केलें आणि तेथें तिच्याशीं साम्य असलेली एक खंडित हस्तिदंती मूर्ति हातीं आली. भोकरदन म्हणजे प्राचीन भोगवर्धन; सांची व भरहुत येथील स्तूपांस दान देणाऱ्या तेथील लोकांचा उल्लेख शिलालेखांत आहे. पाँपेईची मूर्ति आपल्याच भागांतून गेली असावी, असें कांहीं विद्वान् मानतात. उलट, तिच्या तळाशीं वायव्य भारतांत प्रचलित असलेल्या खरोष्ठी लिपीचें अक्षर असल्यामुळें इतरांस तें मान्य नाहीं. वाद अद्याप मिटलेला नाहीं. पण तो होऊं शकतो, याचें कारण दोन्ही मूर्तींचें स्थान ठाऊक आहे.

धाराशिव जिल्ह्यांतील तेर म्हणजे प्राचीन तगर. तेथें रामलिंगप्पा लामतुरे या गृहस्थांनीं गांवांत सांपडणाऱ्या वस्तु वर्षानुवर्षें जपून ठेविल्या. त्यांच्या संग्रहांतून आज शासकीय संग्रहालय उभें आहे आणि त्यांतही अशाच प्रकारची एक हस्तिदंती बाहुली आहे. त्यांनीं हें श्रम घेतले नसते, तर किती मणी मुलांच्या खेळांत हरवले असते आणि किती नाणीं सोनाराच्या मुशींत वितळलीं असतीं!

पालकांसही आमची एक विनंति आहे. पावसाळ्यानंतर शेतांत किंवा पायाच्या खणतींत नाणें, मूर्ति वा भांडें दिसलें, तर तें घासून लख्ख करूं नये, विकूं नये आणि आणखी उकरूंही नये. जागा नीट लक्षांत ठेवून तहसील कचेरींत किंवा पुरातत्त्व विभागास कळवावें. भूमिगत धनाविषयीं १८७८ सालच्या कायद्यानेंही दहा रुपयांहून अधिक किंमतीचा ठेवा सांपडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणें हें सांपडविणाऱ्याचें कर्तव्य ठरविलें आहे.

विद्यार्थीमित्रहो, पुढच्या वेळीं संग्रहालयांत जाल तेव्हां वस्तूच्या नांवाबरोबर तिचें प्राप्तिस्थानही वहींत टिपून घ्या. घरीं येऊन नकाशांत तें गांव शोधा. त्यांतील एखादें गांव आपल्या आजोळाच्या वाटेवरचेंच निघेल. मग सुटींत तिकडे जातांना तेथील पांढरीकडे तुम्ही निराळ्या दृष्टीनें पाहाल, अशी आम्हांस खात्री आहे.