स्कार्फच्या आडचं दुखणं

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. श्रीरामपूरला आमच्या बचत गटाची महिन्याची बैठक आटोपली. हप्ते गोळा झाले, वहीवर सह्या झाल्या, चहा झाला. सगळ्या जणी उठल्या, पण एक जण काही उठेना. पदराच्या टोकाशी चाळा करत बसून राहिली. शेवटी आवाज बारीक करून म्हणाली, "ताई, पोरीचं काहीतरी प्रकरण आहे हो. घरातसुद्धा तोंडाला स्कार्फ बांधून बसती. कॉलेज बंद केलंय, फोन हातातून सुटत नाही. तिच्या बापाला संशय आला तर दिवाळीच्या आत उजवून मोकळा होईल."

आपल्या जिल्ह्यात मुलींनी स्कार्फ बांधणं काही नवं नाही. नगर असो की कोपरगाव, डोळे तेवढे उघडे ठेवून स्कूटीवरून जाणाऱ्या मुली आपण रोज बघतो. ऊन, धूळ, आणि ओळखीच्या नजरा, तिन्हींपासून बचाव! पण भर पावसात, तेही घरात?

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तिच्याकडे गेले. आईला चहा करायला पाठवलं. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलणं झालं. मग ती म्हणाली, "काकू, तुम्ही हसणार नाही ना?" आणि तिनं स्कार्फ सोडला.

प्रकरणबिकरण काही नव्हतं. होते ते हनुवटीवरचे केस. काळे, राठ खुंट, मध्येमध्ये लाल पुटकुळ्या आणि गालाच्या कडेला भाजल्यासारखा एक तपकिरी डाग. पायाचे केस काढायची क्रीम तिनं चेहऱ्याला लावली होती, त्याचा तो डाग. त्यानंतर ती रोज पहाटे सगळे उठायच्या आत न्हाणीत जाऊन भावाच्या रेझरनं दाढी करत होती. एकोणीस वर्षांची पोर! वर्गात कुणीतरी "आज दाढी केली नाही का?" म्हणालं आणि त्या दिवसापासून कॉलेज सुटलं. फोनवर ती रात्रंदिवस शोधत होती ते एकच, केस कायमचे कसे जातील. आणि घरात मात्र तिचं लग्न लावून द्यायच्या गोष्टी चालल्या होत्या.

मी हसले नाही. हसणार तरी कशी? पंचवीस वर्षांपूर्वी मी त्याच वाटेवर होते.

२००१ साल. मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. घरी बघण्याचा कार्यक्रम ठरला. माझ्या वरच्या ओठावर बऱ्यापैकी लव होती. आतेबहीण म्हणाली, ब्लीच करून टाक, दिसणार नाही. पार्लरचं नाव कशाला घेऊ, पण तिथं त्या दिवशी नवरीची गडबड होती. मला ब्लीच लावून ठेवलं आणि बाई नवरीच्या केसांत गुंतल्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम, तीस-पस्तीस मिनिटं झाली असतील. आग होत होती, पण 'सुंदर दिसायचं तर एवढं सोसायलाच हवं' असं मनाशी म्हणत मी दात आवळून बसले. संध्याकाळी ओठ सुजला, सकाळी काळपट डाग. आईनं खोबरेल तेल लावलं, वरून पावडर थापली. पाहुण्यांतल्या एका बाईंनी पोह्याची बशी हातात घेता घेता विचारलंच, "तोंडाला काय झालंय हो मुलीच्या?" स्थळ फिरलं. केस कदाचित कुणाला दिसलेही नसते, डाग मात्र सगळ्यांना दिसला.

मैत्रिणींनो, ही दोन्ही दुखणी खरं तर केसांची नाहीतच, ती लपवाछपवीची आहेत. चोरून करायचं म्हणून कुणाला विचारायचं नाही, बाटलीवरची सूचना वाचायची नाही, आग झाली तरी बोलायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे केस आले कुठून, हा प्रश्नच विचारायचा नाही.

अंगावरच्या केसांशी आपलं वैर जुनं आहे. बाळ जन्मलं की अंगावरून कणकेचा गोळा फिरवायचा, डाळीचं पीठ नि साय लावायची, म्हणजे लव जाते असं आपल्या आज्या सांगत. ती लव बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपसूकच गळते, श्रेय मात्र गोळ्याला मिळतं! मुलीला जरा जास्तच घासलं जातं, हेही आपण पाहिलंय. पूर्वी हरताळ आणि चुना एकत्र करून केस काढायचीही पद्धत होती. हरताळात आर्सेनिक, म्हणजे सोमलाचा अंश असतो. म्हणजे विषाशी खेळ. काळ बदलला, डब्या बदलल्या, घाई तीच राहिली.

मुळात केस प्रत्येक बाईच्या अंगावर असतात. बारीक, मऊ, फिकट लव ही अगदी नैसर्गिक. पुरुषी समजली जाणारी संप्रेरकंही थोड्या प्रमाणात प्रत्येकीच्या शरीरात असतात. कुणाच्या आई-आजीकडूनच केसाळपणा आलेला असतो, तो काही आजार नव्हे. पण हनुवटी, जबडा, छाती, पोटाची मधली रेघ अशा ठिकाणी राठ, काळे केस येऊ लागले, सोबत पाळी लांबत असेल, मुरुमं येत असतील, वजन वाढत असेल, तर शरीर काहीतरी सांगतंय असं समजावं.

मी त्या मुलीला विचारलं, "पाळी वेळेवर येते का गं?" ती म्हणाली, "कधी दोन महिन्यांनी, कधी चार." आई चहा घेऊन आली होती. म्हणाली, "आमच्यात सगळ्यांचीच पुढं-मागं असती. लग्न झालं की होतं सरळ." हे वाक्य मी गावोगावच्या बैठकांत इतक्यांदा ऐकलंय की काय सांगू!

लग्नानं ते सरळ होत नाही. बहुतेक वेळा त्यामागे असतं ते पीसीओएस, ज्याला आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात. यात बीजांडकोशाचं काम अनियमित होतं आणि पुरुषी संप्रेरकं वाढतात. हे दुर्मीळ मुळीच नाही. मुंबईत परळला असलेल्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेच्या संशोधकांनी १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी केली होती. तिचे निष्कर्ष २०१४ साली प्रसिद्ध झाले. एका निकषानं २२.५ टक्के मुलींमध्ये, तर जास्त कडक निकषानं १०.७ टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळलं. म्हणजे कडक निकष धरला तरी दहातली एक. तुमच्या-माझ्या घरातलीच कुणीतरी.

पुढच्या आठवड्यात आम्ही तिघी एसटीनं बाभळेश्वरमार्गे लोणीला प्रवरा रुग्णालयात गेलो. तिथं स्त्रीरोग आणि त्वचाविकार असे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत. नगरच्या बाजूच्या बायकांना विळद घाटातलं विखे पाटील फाउंडेशनचं रुग्णालय जवळ पडतं. सोनोग्राफी झाली. थायरॉइड, साखर, संप्रेरकं यांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. निदान पीसीओएसचंच निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज पाऊण तास चालायला सांगितलं, वजन पाच-दहा टक्के जरी उतरलं तरी फरक पडेल म्हणाले. आणि एक गोष्ट बजावून सांगितली. औषधाचा केसांवरचा परिणाम दिसायला किमान सहा महिने लागतात, तोवर केस काढायला काहीच हरकत नाही. ते ऐकून पोरीचा चेहरा असा उजळला! आपण पाप करत होतो असंच तिला वाटत होतं.

आता पद्धतींबद्दल. मी डॉक्टर नाही, पण स्वतः भाजून घेतलेली आणि चार जणींना विचारून शहाणी झालेली बाई आहे.

रेझर : सर्वांत स्वस्त आणि बिनदुखीचा. 'रेझर फिरवला की केस दाट आणि राठ येतात' ही समजूत साफ चुकीची. १९२८ सालीच अमेरिकेत मिल्ड्रेड ट्रॉटर या संशोधक बाईंनी हे तपासून पाहिलं होतं, दाढीमुळे केसांच्या वाढीत फरक पडत नाही. कापलेल्या केसाचं टोक बोथट होतं म्हणून हाताला राठ लागतं, इतकंच. मात्र रेझर स्वतःचा हवा. भावाचा, नवऱ्याचा घेऊ नये, रक्तातून पसरणारे कावीळीसारखे आजार लागू शकतात. त्वचा ओली करून, केसांच्या दिशेनं फिरवावा.

थ्रेडिंग : ओठ, भुवया अशा छोट्या जागेला उत्तम. दोन-तीन आठवडे टिकतं. मुरुमांवरून दोरा फिरवू देऊ नका.

वॅक्स : हातापायांना चांगलं, तीन-चार आठवड्यांची निश्चिंती. साखर-लिंबाचं घरीही करता येतं, पण उष्णता आधी मनगटावर तपासा. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू असतील तर वॅक्स नको, कातडी सोलून निघते. मधुमेह असेल, पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर आधी डॉक्टरांना विचारा.

क्रीम आणि ब्लीच : दोन्ही रसायनंच. आदल्या दिवशी कोपराच्या आत थोडंसं लावून बघा. चेहऱ्यासाठी आहे असं लिहिलेलं असेल तरच चेहऱ्याला लावा. घड्याळ समोर ठेवा आणि आग झाली तर लगेच धुवा, सोसत बसू नका. हे मी अनुभवानं सांगते.

लेझर : याची जाहिरात जोरात असते. लेझरचा प्रकाश केसातल्या काळ्या रंगावर काम करतो, त्यामुळे पांढऱ्या केसांवर तो चालत नाही. आपल्या सावळ्या त्वचेला योग्य यंत्र आणि जाणता हात नसेल तर भाजून डाग पडतात. साधारण सहा ते आठ बैठका, चार-सहा आठवड्यांच्या अंतरानं. त्याआधी वॅक्स-थ्रेडिंग बंद ठेवावं लागतं, रेझर चालतो. केस खूप कमी होतात, पण 'कायमचे गायब' ही हमी कुणी दिली तर सावध व्हा. विशेषतः पीसीओएस असेल तर मधूनमधून पुन्हा जावं लागतं. म्हणून त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा आणि एकूण खर्च आधी विचारून घ्या.

आणखी एक. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली 'गोरं करणारी' क्रीम रोज लावत असाल तर तीवरची नावं तपासा. त्यांपैकी कित्येकींत स्टेरॉइड असतं आणि त्यानंही चेहऱ्यावर केस उगवतात. अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून २०१८ साली सरकारनं नियम कडक केले, तरीही ती सर्रास हातात पडतात. आणि काही महिन्यांतच एकदम केस वाढले, आवाज घोगरा झाला, टक्कल पडू लागलं, तर एक दिवसही घालवू नका. क्वचित त्यामागे गाठ असू शकते.

हे सगळं काढण्याबद्दल झालं. पण काढायलाच हवेत का? तेही ज्याचं त्यानं ठरवावं. २०२४ साली उत्तर प्रदेशातली एक मुलगी दहावीला राज्यात पहिली आली, तर लोकांनी तिच्या गुणांऐवजी तिच्या ओठावरच्या केसांची चर्चा केली. त्याच वर्षी आपल्या जिल्ह्याला अहिल्यादेवींचं नाव मिळालं. बाईच्या कर्तृत्वाचं नाव पाटीवर लावायचं आणि घरातल्या पोरीला मात्र ओठावरच्या केसांवरून जोखायचं, हे काही मनाला पटत नाही.

लोणीहून परतताना एसटीत तिच्या आईनं हळूच विचारलं, "ताई, स्थळ आलं तर हे सांगायचं का?" मी म्हटलं, "आधी तिचं कॉलेज पुरं होऊ दे. मग तिची ती सांगेल. गोळ्या घेते हे लपवून संसार सुरू केला, तर पुन्हा पहाटे उठून न्हाणीत दार लावणं आलं." ती काही बोलली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

आठ महिने झाले. केस गेले का? सगळे नाही. कमी झालेत, पाळी बरीचशी रुळावर आलीय. आठवड्यातून दोनदा ती स्वतःच्या रेझरनं केस काढते. तो रेझर आता न्हाणीतल्या फळीवर उघड्यावर असतो, भावाच्या शेजारी. ती कॉलेजला जाते. स्कार्फ स्कूटीवर बांधते आणि वर्गात सोडते.

परवाच्या बैठकीत तिची आई पुन्हा मागे थांबली. माझ्या पोटात गोळा आला. आता काय? तर पदर बाजूला करून, हनुवटी पुढे करून म्हणाली, "ताई, हे बघा, मला पण दोन आलेत. चाळिशीनंतर येतात म्हणं?"

येतात बाई, येतात. पाळी जायच्या सुमाराला कित्येकींना येतात. मी पर्समधला चिमटा काढून दाखवला. मलाही तीन आहेत.