गुण ज्यांच्या हाती, त्यांच्यापाशी मन कसं मोकळं करायचं?

15 ऑगस्ट 2025 रोजी आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 35 वर्षं झाली. त्याच्या तीन आठवडे आधी, 25 जुलैला, सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा प्रकरणात बजावलं, की शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या प्रत्येक संस्थेने किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता नेमावा. विशाखापट्टणमला नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेची तयारी करणारी सतरा वर्षांची मुलगी गेली, तिच्या वडिलांच्या लढ्यातून हा निकाल आला. जळगावजवळ नशिराबादला घरी बसून ती बातमी वाचली आणि संताप झाला. एवढी साधी गोष्ट सांगायला न्यायालय लागावं?

1990 पूर्वीचं फार सांगण्यासारखं नाही. जळगाव-धुळ्याची कॉलेजं पुणे विद्यापीठाला जोडलेली होती, पेपरची तक्रार असली तरी पुणं गाठावं लागे. उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आलं आणि कारभार गिरणाकाठी, बांभोरीजवळ आला. अंतर कमी झालं, याचा आनंद खराच होता.

माझ्या मनात घर करून आहे ते त्यानंतरचं दशक. मी तेव्हा नव्यानेच शिकवायला लागलो होतो. रोज महामार्गावरून एसटीने जळगावला जायचो. शिरपूर, साक्री, यावल, चोपड्याकडची मुलं खोल्या करून राहायची. बोंडअळीने कापूस गेला की जानेवारीत त्यांची फी थकायची, मेसचा डबा एका वेळेवर यायचा. निकालाच्या दिवशी साक्रीकडचा एक मुलगा जिन्यात बसून राहिला होता. म्हणाला, “सर, आते घर कसा जाऊ?” दोन विषय राहिले होते, आणि बापाने बैल विकून फी भरली होती.

त्या काळी समुपदेशन हा शब्द आमच्या कॉलेजात कुणाच्या तोंडी नव्हता. पण ऐकणारी माणसं होती. आमचे ग्रंथपाल संध्याकाळी वाचनालय बंद करताना रेंगाळलेल्या मुलाला चहाला घेऊन जात. वसतिगृहाचे पहारेकरी कोण जेवलं नाही हे ओळखून रेक्टरांना सांगत. जिन्यात बसलेल्या त्या मुलालाही ग्रंथपालांनीच रात्री घरी नेलं आणि सकाळी स्वतः गाडीत बसवून दिलं. ही माणसं शिकलेली समुपदेशक नव्हती. खरा आजार त्यांना ओळखता आला नसता. तरी त्यांच्याजवळ एक मोठी गोष्ट होती. मुलांचे गुण त्यांच्या हातात नव्हते.

ग्रंथपाल निवृत्त झाले, त्यांची जागा भरली गेली नाही. पहारा कंत्राटावर गेला, दर काही महिन्यांनी नवा माणूस. पुढे नॅकच्या मूल्यांकनाची फेरी आली. मार्गदर्शक-विद्यार्थी योजनेची वही आली, ‘समुपदेशन कक्ष’ अशी पाटी लागली आणि त्याचा कार्यभार एका प्राध्यापकावर टाकला गेला. प्रशिक्षण नाही, बंद दाराची खोली नाही. आठवड्यातून एकदा तरी बाहेरचा तज्ज्ञ बोलवा, असं मी लेखी मागितलं, तर एका प्राचार्यांनी भर बैठकीत विचारलं, “आपल्या मुलांना वेडं ठरवायचंय का?” त्या वाक्याची चीड अजून गेलेली नाही. ज्यांना मदत हवी होती त्यांची तोंडं त्या एका वाक्याने बंद झाली.

समुपदेशन काय देतं आणि काय देत नाही, हे मुलांना कुणी नीट सांगतच नाही. समुपदेशक शांतपणे ऐकतो, गुंता सोडवायला मदत करतो, धोका ओळखून मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवतो. औषध तो देत नाही. एटीकेटी काढून देत नाही, फी भरत नाही, छळणाऱ्या प्राध्यापकाची चौकशी करत नाही; त्यासाठी शिष्यवृत्ती वेळेवर यावी लागते, तक्रार समिती जागी असावी लागते. आणि पुढे पाठवायचं तर कुठे? राज्याची चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला. खानदेशातल्या मुलाला जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय, नाहीतर खासगी दवाखान्याची फी.

सत्र पद्धतीत अंतर्गत गुण आले आणि गुंता वाढला. ज्या सरांच्या हाती वीस-चाळीस गुण, त्यांनाच “रात्री झोप येत नाही, जगावंसं वाटत नाही” हे कोण सांगेल? मुलगी तर नाहीच सांगणार. बातमी संध्याकाळपर्यंत गावी पोचेल ही तिची भीती खोटी नाही. 2017 चा मानसिक आरोग्य कायदा उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क देतो. आमच्या कक्षाचं टेबल होतं स्टाफरूमच्या कोपऱ्यात.

केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. हा क्रमांक वसतिगृहात, वर्गात ठळक लावा, असंही न्यायालयाने सांगितलंय. तो आजच लावा, त्याला निधी लागत नाही.

आणि कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला, जळगाव, धुळे, नंदुरबारच्या संस्थाचालकांना माझी विनंती आहे: समुपदेशकाचं स्वतंत्र पद भरा, त्याला दार लागणारी खोली द्या, आणि अंतर्गत गुण देणाऱ्या कुणालाही त्या खुर्चीवर बसवू नका.